मीठ कसं हाय?

शिवांजलीचं पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि तिची आई समोर शेगडीपाशी बसून मला विचारत होती, "मास्तर, आज जेवताना हात का थांबला? आमटी बिघडली व्हय?"

"नाही, चांगली आहे."

"चांगली असती तर वाटी रिकामी झाली असती की."

मी वाटी उचलून तोंडाला लावली. खिशातलं पाकीट सकाळीच खोलीवर आलं होतं. त्यातला मजकूर मला एव्हाना पाठ झाला होता. आईला ती अव्वा म्हणायची, भावाला सोमू.

"काका, अव्वा फोनवर 'झकास हाय' म्हणते. सोमूही तेच सांगतो, पण त्याचा आवाज पडलेला असतो. मला पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण अव्वा म्हणते, या वर्षी घराचं काम काढलंय, तू धारवाडलाच राहा. कसलं काम काढलंय? काका, तुम्ही खोटं बोलत नाही. नव्या गोळ्या लागू पडतायत का, एवढं लिहा. मी आत्ता येऊ की बाळंतपणानंतर?"

मी भिंतीकडे पाहिलं. खानावळीच्या त्या घराला चुन्याचा हातसुद्धा लागलेला नव्हता.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही. खोटं बोलत नाही असं तिनं लिहिलं होतं ते बरोबर होतं, पण खरं बोलायचीही मला सवय नव्हती. मी जन्मभर एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. नाव हंबीरराव. ज्या आजोबांनी ते ठेवलं त्यांची काय अपेक्षा होती कोण जाणे. वाचनालयात कुणी मोठ्यानं बोलू लागलं तर मला त्याला गप्प करता येत नसे. मी फक्त 'शांतता राखा' ही पाटी हळूच त्याच्याकडे वळवून ठेवायचो. पुस्तक कसं आहे असं कुणी विचारलं, तर "तसं बरं असावं, म्हणजे तुम्हीच पाहा," असं म्हणायचो. लग्न झालं नाही. लक्ष्मीपुरीत शांतव्वाच्या लिंगायत खानावळीत दोन वेळचं जेवण आणि तिच्या मागच्या गल्लीत एक खोली, यात वीसेक वर्षं गेली. मी कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण हातात पुस्तक दिसलं म्हणून तिनं मला पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकलं.

तिचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा सोमशेखर शिरोलीच्या फाउंड्रीत होता, मुलगी धारवाडला दिलेली. दोन वर्षांपूर्वी शांतव्वाच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. सलाइनमधून केमो झाली, मग वर्षभर एक वेगळं इंजेक्शन चाललं. केस परत आले. तिनं पुन्हा पदर खोचला. आणि मग तो आजार मानेच्या गाठींत आणि यकृतात उतरला.

इंग्रजी वाचता येतं म्हणून दवाखान्यात तिच्याबरोबर मी जायचो. सोमूला पाळी सोडून येता येत नसे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सांगायच्या नीट. या वेळी सुई नाही, घरीच घ्यायच्या गोळ्या, त्याही दोन तऱ्हेच्या, असं त्यांनी सांगितलं. कॅपेसिटाबिन ही केमोचीच गोळी. जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा थांबायचं. दुसरी लॅपॅटिनिब, ती रोज एकदा, पाच गोळ्या एकदम, आणि पोट रिकामं असताना. पहिली वाढत्या पेशी सरसकट मारते. दुसरी या कॅन्सरच्या पेशींवर जी एक विशिष्ट खूण असते, तिलाच जाऊन धरते.

शांतव्वानं मान डोलावली. "म्हंजे एक समद्यांस्नी बडवत्या, आन दुसरी नाव इचारून बडवत्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तसंच."

"मग नाव इचारणारीच द्या की. दुसरी कशाला?"

"दोघी मिळून जास्त काम करतात, आजी."

"आमच्याकडं असं न्हाय बाई. एका शेगडीवर दोघी आल्या की भांडणच."

भांडण झालं, पण ते तिच्या शरीरात. तळहात लाल झाले, मग साली निघू लागल्या. तळपायांचंही तसंच. भाकरी थापायला धोंडुबाईला ठेवावं लागलं. शांतव्वा हाताला लोणी चोळून शेगडीपाशी बसायची आणि धोंडुबाईच्या प्रत्येक भाकरीला नाव ठेवायची. फाउंड्रीतला आकाराम तिथला जुना जेवणारा. त्यानं एकदा तिचे हात पाहिले.

"शांतव्वा, मेंदी लई रंगल्या की! कुणाचं लगीन?"

"तुजंच. आंधळी पोरगी घावल्या."

सगळी पंगत हसली. ती हसत हसतच उठून मागं गेली आणि बराच वेळ आली नाही. जुलाब सुरू झाले होते. दिवसाला किती वेळा ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. त्यावरच्या वेगळ्या गोळ्या घेऊनही थांबत नव्हते. पंधरवड्यात तिची मान काडीसारखी झाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे असंच राहिलं तर मला या गोळ्या बंद कराव्या लागतील. आणि यानंतर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. पाच गोळ्या तुम्ही रिकाम्या पोटी घेता ना? अन्नाबरोबर गेल्या तर रक्तात फार जास्त उतरतात."

"व्हय की. पहाटं उठल्या उठल्या. अंघोळ, लिंगपूजा, मग गोळ्या, मग कामाला. दहा वाजस्तवर पोटात कण जात न्हाय."

बाईंनी ते लिहून घेतलं.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. निवृत्तीनंतर सकाळचा चहा घ्यायला मी खानावळीत जायचो आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या बाकावर पेपर वाचत बसायचो. पेपराच्या वरून मला रोज दिसायचं: शांतव्वा डावानं आमटी ढवळायची, चार थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची. मीठ घालायची, पुन्हा घ्यायची. मग वांगं शिजलं का ते बघायला एक फोड. झुणका बोटभर. भाकरीचा पहिला तुकडा, ताकाचा घोट, परत आमटी. माणसाचं अर्धं जेवण होईल एवढी चव ती तासाभरात बघायची. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लेखी ते खाणं नव्हतंच. ते काम होतं.

हे तिथं सांगावं असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, चार थेंबांनी काय होणार? डॉक्टरांसमोर आपण कोण? शिवाय तिला खोटं पाडल्यासारखं होईल. आम्ही उठलो, बाहेर आलो, रिक्षात बसलो. रिक्षा दाभोळकर कॉर्नरला थांबली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही चव बघता."

"काय?"

"सकाळी. आमटीची. भाजीची. ते पोटात जातं."

ती माझ्याकडे वळली. "ते व्हय खाणं?"

"मला नक्की माहीत नाही. पण ते... जातं तर पोटातच."

"आन चव न बघता आमटी करू? डोळं मिटून गाडी हाकल्यागत?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. ती त्यालाच म्हणाली, "पावणं, रिक्षा फिरवा मागं. बाईस्नी इचारूनच जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. याचाच दोष असेल असं नाही, म्हणाल्या, पण वाटा असू शकतो. गोळ्यांआधी तासभर आणि नंतर तासभर पाण्याखेरीज काही नको, जिभेलासुद्धा नको. चार दिवस विश्रांती, मग पुन्हा सुरू करून बघू.

परतताना शांतव्वा म्हणाली, "मग चव कोण बगणार? धोंडुबाईची जीभ तंबाकूनं मेल्या. सोमू कामाला जातोय. तुमीच बगा."

"मला चवीतलं काही कळत नाही."

"वीस वर्सं जेवलासा ते काय मग? नाकानं?"

पहिल्या सकाळी तिनं आमटीची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"मीठ कसं हाय?"

"ठीक असावं."

"असावं न्हवं. हाय का न्हाय?"

मी पुन्हा घोट घेतला. घाम आला. "कमी वाटतंय."

"वाटतंय का कमी हाय?"

"कमी आहे."

"किती? चिमूट का चमचा?"

"चिमूट."

"बास. एवढंच की. आयुष्यभर कशाला घाबरत होतासा?"

ती चिमूट पडली आणि दुपारी आकारामानं दोनदा आमटी मागितली. मला त्या दिवशी झालेला आनंद सांगितला तर कुणी हसेल, म्हणून मी तो कुणाला सांगितला नाही. पुढं पुढं जमायला लागलं. तिखट झालं, पाणी सुटलंय, गूळ जास्त पडला, असं मी सांगू लागलो. ती कधी भांडायची, "गूळ जास्त? कुठल्या गावचं तुमी?" पण करायची मी सांगितल्याप्रमाणे.

जुलाब आटोक्यात आले. पुरते थांबले नाहीत, पण ती उभी राहू लागली. मानेवरची गाठ बोटांना लागेनाशी झाली. श्रावणात स्कॅन झाला, यकृतातले डागही आकसले होते. शिवांजलीचं पत्र आलं ते याच सुमाराला. खरं तर उत्तर सोपं होतं. मी कागद घेऊन बसलो. 'गोळ्या लागू पडत आहेत असं दिसतं,' असं लिहिलं. 'दिसतं' खोडलं. मग वाटलं, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय की हे औषध आजार दाबून धरतं, काढून टाकत नाही. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. मग 'सध्या' घातलं. 'सध्या' वाचून त्या मुलीला काय वाटेल? तो कागद गेला, दुसरा आला. शेवटी मी शांतव्वालाच विचारलं.

"शिवांजलीला कळवायला हवं."

"काय कळवायचं?" तिचा आवाज एकदम चढला. "पोटुशी पोर ती. हितं येऊन माझं हे हात बगणार, रात-दिस रडणार. पोटातल्याला त्याची शिक्षा कशापायी? कुणी काय लिवायचं न्हाय. मोकळी झाली की मी हुबी राहून तिला आणती. तवर मी बरी असती की."

ती बरी राहणार या भरवशावर सगळं होतं. मीही त्या भरवशामागे लपलो. खरं म्हणजे मला हायसंच वाटलं.

आश्विनातल्या एका सकाळी मी आमटीचा घोट घेतला आणि जीभ आत ओढली गेली.

"मीठ कसं हाय?"

आमटी खारट होती. पण मी आदल्या रात्री लोणचं खाल्लं होतं, तोंड आलं असेल, असं मला वाटलं. इतक्या दिवसांत तिचा हात एवढा कधी चुकला नव्हता. "ठीक आहे," मी म्हणालो.

दुपारी आकारामानं पहिला भुरका मारला आणि ताटाबाहेर थुंकला. "शांतव्वा! समुद्र हितंच आणलासा व्हय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडला नाही, तिच्याकडे बघत बसलो. तिनं मिठाचा डबा काढला, मीठ घातलं, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला. पदरानं हात पुसला. मग पुन्हा डबा काढला, मीठ घातलं, झाकण लावलं. हात तिसऱ्यांदा फळीकडे गेला तेव्हा मी उठलो.

"घातलंय की. दोनदा घातलंय."

"कवा?"

"आत्ताच."

ती आमटीकडे बघत राहिली, जणू त्यात ते दिसेल. मग डाव उचलायला गेली आणि तो तिच्या उजव्या हातातून निसटून पडला. तिनं डाव्या हातानं उचलला. "दोन दिस डोस्कं दुकतंय," एवढंच म्हणाली.

सोमूनं सुट्टी काढली. डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना आत बोलावलं, तिला बाहेर बसवलं. गळ्याखाली गोळ्यांचा अजून उपयोग होता, त्या म्हणाल्या, पण मेंदूत गाठी आल्या होत्या. या प्रकारात तसं होतं, आणि मेंदूत ही औषधं पुरेशी पोचत नाहीत. डोक्याला किरणं देऊ. त्यानं काही आठवडे, काही महिने मिळतील. "सध्या त्या माणसं ओळखतायत. जवळच्या सगळ्यांना आत्ताच भेटवा."

बाहेर जिन्यात सोमू भिंतीला टेकला. अंगापिंडानं दांडगा मुलगा, पण लहान दिसायला लागला.

"ताईला फोन कर," मी म्हणालो.

"न्हाय करता येत, काका. अव्वानं शपथ घेतलीया माझ्याकडनं. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून. ती मोडली तर अव्वा मला तोंड दावणार न्हाय."

मला कुणी शपथ घातली नव्हती. मी काही बोलेन असं कुणाला वाटलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नाक्यावरच्या फोनमध्ये नाणं टाकून धारवाडचा नंबर फिरवला. पलीकडून शिवांजलीचाच आवाज आला, "हॅलो? यारु?" कोण, असं ती कानडीत विचारत होती. मागं कुणी तरी भांडी घासत होतं. ती हसत होती. तिनं पुन्हा विचारलं. मी फोन ठेवला.

सकाळी मी खानावळीत गेलो. शांतव्वा बाकावर बसली होती, माझ्या जागेवर. शेगडी धोंडुबाईकडे होती.

मी उभाच राहिलो. "मी शिवांजलीला पत्र लिहिणार आहे."

"न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं?"

"सांगितलंय. तरी लिहिणार आहे. तिला आत्ता यायला सांगणार आहे."

"तुमचा काय संबंध?" ती ओरडली. धोंडुबाईचा हात परातीत थांबला. "माझी लेक, माझं घर. जेवायला येतासा, जेवा आन जावा!"

वीस वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. पाय मागं फिरत होते. मी दाराची चौकट धरली.

"खारट झालं की सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंत," मी म्हणालो. "त्या दिवशी मी सांगितलं नाही. आज सांगतोय. बाळंतपण होईस्तोवर तुम्ही तिला ओळखाल की नाही, ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून ते निघून गेलं होतं आणि परत घेता येण्यासारखं नव्हतं. ती खाली मान घालून आपले सोललेले हात बघत राहिली. धोंडुबाईची भाकरी तव्यावर जळत होती. तिचा वास सुटला तरी शांतव्वानं नाव ठेवलं नाही.

"आज वार कंचा?" तिनं विचारलं.

"बुधवार."

"लिवा," ती म्हणाली. "पण रडगाणं न्हाय. घराचं काम झालं, ये म्हणून लिवा."

"बरं."

"आन जावायास्नी म्हणावं, एशटीनं नगं. गाडी करून आणा. सावकाश."

मी खोलीवर येऊन लिहायला बसलो. एकाच कागदावर लिहिलं आणि खोडाखोड केली नाही.

"चि. शिवांजलीस, घराचं काम झालं, ये, असं अव्वानं कळवायला सांगितलं आहे. ते काम कधी काढलंच नव्हतं. गोळ्या लागू पडल्या होत्या, चांगल्या पडल्या होत्या. पण आता आजार डोक्यात गेला आहे. ती तुला ओळखते. बाळंतपणानंतर नको, आत्ता ये. डॉक्टरांना विचारून, गाडी करून, सावकाश ये. तुझा काका, हंबीरराव."

वाचून पाहिलं. कुठंही 'बहुधा' नव्हतं. चूक असेल तर काय, ही भीती होतीच. ती काही जात नाही. पाकीट चिकटवून मी चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोस्टमन नुकताच सायकल लावून वाकला होता. त्यानं कुलूप उघडून पत्रं पोत्यात ओढली. मी पाकीट हातात धरून उभा. पेटी बंद होऊ द्यावी, घरी जाऊन एकदा पुन्हा वाचावं, मग टाकावं, उद्याच्या टपालानं जाईल, असं काहीसं माझ्या मनात चाललं होतं.

त्यानं वर बघितलं. "टाकायचं हाय न्हवं? का नुसतं दावायला आणलंय?"

"टाकायचं आहे," मी म्हणालो आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

त्यानं पत्ता वाचला. "धारवाड. शुक्रवारपातूर पोचतंय बगा." पाकीट पोत्यात गेलं. त्यानं दोरी ओढून पोत्याचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि सायकलवर टांग टाकून स्टेशनच्या दिशेनं निघून गेला.